उजवी बाही

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या बायकांचा एकेक ब्लाउज एकाच बाहीचा आहे. तो त्यांच्या कपाटात नाही, छबूताईंच्या दुकानात आहे, आणि तो कधी मिळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

छबूताई आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ब्लाउज शिवतात. वय पन्नाशीच्या पुढचं. हात असा की खडूची रेघ न मारता कापड कापतात आणि सुताचा फरक पडत नाही. डावी बाही लागेपर्यंत सगळं झकास. उजवीला हात घालायचा, तेवढ्यात समोरच्या बाईच्या पिशवीतलं कापड त्यांना दिसतं, त्याला कुठला गळा शोभेल ते सुचतं, आणि कात्री तिकडे वळते. माझा मोरपंखी ब्लाउज मी दिवाळीला टाकला होता. संक्रांत झाली, होळी झाली. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, गृहपाठ न आणणाऱ्या एकालाही सोडलं नाही, आणि इथे मात्र दर आठवड्याला रिकाम्या हातानं जिना चढत होते.

बरं, भांडावं तर तीही सोय नाही. दुकानात पाऊल टाकलं की छबूताईच हात वर करणार. "थांबा बाई, तुम्ही कशाला तोंड शिणवता, मीच बोलते. म्हैस हाय मी. बिनडोक, बेअक्कल, बिनकामाची. झालं? आता बसा, चहा टाकते." मग चहा टाकतात, विसरतात, भांडं करपतं, आणि त्या पुन्हा एकदा म्हैस होतात. घरून जुळवून आणलेलं माझं भांडण तसंच राहतं. शेजारच्या शबानाबी एकदा "छबूताई, ये एक हात का ब्लाउज मैं किसको पहनाऊं?" असं गरजत आल्या आणि जाताना छबूताईंचीच समजूत घालून गेल्या. ही शुद्ध लबाडी आहे असं माझं ठाम मत होतं.

त्यांच्या घरचेही काही कमी वैतागलेले नव्हते. मागं सगळे मिळून दौलताबादला गेले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी उतरल्यावर छबूताईंना इस्त्री आठवली. रिक्षा करून एकट्या परत आल्या. इस्त्री बंदच होती. पण समोर एका साडीचा अर्धा फॉल दिसला, म्हणून बसल्या लावत. मंडळी दुपार टळेपर्यंत पायथ्याशी उपाशी, कारण जेवणाचे डबे छबूताईंच्या पिशवीत होते.

माझ्या रागाचा कडेलोट झाला तो भाच्याच्या साखरपुड्यात. नशिबानं दोन्ही बाह्यांसकट मिळालेला एक ब्लाउज मी घातला होता, आणि काखेत सारखं काहीतरी टोचत होतं. न्हाणीघरात जाऊन पाहिलं तर अस्तराला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली. "म्हशे, काखेत लई तंग झालंय. उसव."

माझं वजन हा माझा प्रश्न आहे. त्यावर शिंप्यानं लेखी मत द्यायचं कारण नाही. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती चिठ्ठी नाचवत मी खाली उतरले.

छबूताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अवं बाई, तुम्हाला नाय वं. ते मला हाय."

मग त्यांनी फळीवरची गाठोडी एकामागून एक खाली ओढली. प्रत्येक अर्धवट ब्लाउजला एकेक चिठ्ठी होती. काय राहिलंय ते लक्षात राहावं म्हणून स्वतःला लिहिलेली. "बिनडोक, हुक लाव." "बेअक्कल, गळा मागून खोल पायजे." "म्हशे, उजवी बाही." मी तीस-चाळीस वाचल्या. शिवी नाही अशी एक नव्हती.

"ह्या शिव्या कुणाच्या?" मी विचारलं.

"म्हैस आमच्या बापाची," त्या सरळ सांगायला लागल्या. "बिनडोक चौथीच्या बाईंची. बेअक्कल सासूबाईंची. बिनकामाची तेवढी माझी मीच लावून घेतली. असं म्हणल्याबिगर हात हलतच नाय बघा."

मी स्टुलावर बसले. चौथीच्या त्या बाई मी नव्हते, पण 'हुशार आहे, परंतु धांदरट' हा शेरा मी किती प्रगतिपुस्तकांवर मारला असेल याची गणती नाही. एका वाक्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि त्या एकत्र कशा, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मला संताप आला. त्या बापाचा आला, त्या बाईंचा आला, आणि मग माझाही आला.

छबूताईंची मुलगी चिकलठाण्याला कंपनीत कामाला आहे. तिनं मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे एडीएचडी आहे. मेंदूची घडणच अशी, जन्मापासूनची. आळस नाही आणि बेफिकिरीही नाही. मला वाटलं, आता बाई सुटल्या. तर दुकानाचं शटर आठ दिवस अर्धं खाली. नवव्या दिवशी मी वाकून आत शिरले. छबूताई मशीनवर झाकण घालून बसल्या होत्या.

"पन्नास वर्षं शिव्या खाल्ल्या बाई," त्या म्हणाल्या. "आता त्या कुणाला परत करू? बाप गेला, सासू गेली. आन् दुकान बंद करते मी. इतके दिवस म्हैस होते, आता लोक येडी म्हणतील. पोरीच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिथं म्हणं समोर एकच खोकं असतं."

असा हात, आणि तो खोकी बांधणार. मी इतकी भडकले की आधी शटर वर केलं. डॉक्टरांकडच्या समुपदेशक बाईंनी छबूताईंना एकच काम दिलं होतं, दमलेल्या बहिणीला लिहाल तशा चिठ्ठ्या स्वतःला लिहा. ते काही त्यांना जमेना. म्हणून मीच कागद घेतला आणि वळणदार अक्षरात वीस चिठ्ठ्या लिहून दिल्या. 'कृपया हुक लावावेत.' 'उजवी बाही जोडण्याचे करावे.' छबूताईंनी त्या वाचल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "बाई, ही तर नळाला पाणी येणार नाय त्याची नोटीस झाली." माझ्या चिठ्ठ्या वाया गेल्या. झाकण मात्र निघालं.

उन्हं तापल्यावर मी मोरपंखी ब्लाउजची चौकशी करायला गेले. छबूताईंनी सवयीनं हात वर केला. "थांबा बाई, मीच..." असं म्हणाल्या आणि हात खाली घेतला. "बाही राहिलीय. परवा देते."

एवढंच. पुढे शिवी नाही. ती रिकामी जागा मला सोसवेना, आणि माझ्या तोंडून गेलं, "नुसत्या धांदरट आहात."

छबूताईंनी मशीन थांबवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तसं नका म्हणू बाई. मी बी सोडलंय आता."

मी चपला घातल्या आणि वर आले. इतकी वर्षं त्यांना वाटत होती ती शरम त्या दुपारी मला वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

ब्लाउज परवा नाही, पाचव्या दिवशी आला. दोन्ही बाह्या होत्या. घालून पाहिला तर काखेत टोचलं. चिठ्ठी काढायची विसरल्या होत्या.

"छबू, दमलीस आज. ऊठ, पाणी पी. उजवी बाही उद्या लाव. बाई रागावल्या तर मी बघते त्यांच्याकडं."

मी ती दोनदा वाचली. पन्नास वर्षांत त्यांच्या बाजूनं कुणी भांडायला उभं राहिलं नव्हतं. आता एक जण मिळाली होती, आणि ती मला बघून घेणार होती. मला फार बरं वाटलं. डोळे पुसून मी पुढे हुक लावायला गेले, तर सगळ्यात वरचा हुक लावायचाच राहिलेला.

मी सुईदोरा घेतला आणि तो घरीच लावून टाकला.