मोठ्या ताऱ्याच्या शेजारी

ठोंबरेकाकांना आमच्या नेहरू नगरात कोणी सहज "कसे आहात?" असं विचारत नाही. विचारलं, तर उत्तर ताऱ्यांच्या जन्मापासून सुरू होतं.

काका पोलाद कारखान्यात भट्टीवर फोरमन होते, आता रिटायर. त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल पुण्यात खगोलशास्त्रात संशोधन करते. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते, तिच्यातून पुढे ग्रह बनतात. शेजारी एखादा मोठा, प्रखर तारा असला तर त्या तबकडीचं काय होतं, हा मृणालचा विषय. काकांचा विषय मृणाल.

"मोहल्ला पाहा, मास्तर," ते मला सांगतात. "तारा कोणत्या मोहल्ल्यात जन्मला, त्याच्यावर सारं आहे."

एकदा आमचे व्याही आले असताना काकांनी ताटलीत तांदळाचं पीठ पसरलं आणि टेबलफॅन लावला.

"हा फॅन म्हणजे मोठा तारा. त्याचा उजेडच इतका कडक, का लहानाची तबकडी उडवून देते."

पीठ व्याह्यांच्या काळ्या कोटावर जाऊन बसलं. काका शांतपणे म्हणाले, "आता याले ग्रह कुठून होणार?" हे ताटलीला उद्देशून होतं की व्याह्यांना, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

गेल्या हिवाळ्यात मृणाल इथल्या एका कॉलेजात व्याख्यान द्यायला आली. काकांनी न्हाव्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना नेलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, फिर वहाँ ग्रह बनते ही नहीं?" मृणालने हिंदीतच समजावलं, की सुरुवातीला आजूबाजूचा ढग आडोसा देतो, तेवढ्या अवधीत धुळीचे कण एकत्र आले, तर बनतात. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी काका वाजवतच राहिले.

ती परत गेली त्या दुपारी काका तिचा छापलेला इंग्रजी लेख घेऊन माझ्याकडे आले. मी वाचायला लागलो, तर त्यांनी थांबवलं.

"ते मले पाठ आहे. लिहिणारीचं नाव वाचा."

"मृणाल सुमन ठोंबरे."

सुमनवहिनी मृणाल चार वर्षांची असताना गेल्या. पुढे काकांनी शिफ्ट सांभाळून एकट्याने पोरगी वाढवली. आणि बापाच्या नावाच्या जागी तिने आईचं नाव लिहिलं होतं. मी जरा चाचरत विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कावून वाटंल? मीच सांगितलं तिले. माझं नाव तर रोज कोणी ना कोणी घेते. सुमनचं नाव घेणारं आता कोणी नाही राहिलं, मास्तर."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"वाचा पुन्हा. जरा मोठ्यानं."