ओहोळावरचं कुंपण

सुमनकाकू दुपारी ओहोळात उतरली आणि चालत भुईगावला गेली. तिथे तिचं माहेर होतं. ते पाडून बिल्डिंग झाली होती. काकू वॉचमनला आईचं नाव सांगत होती. हरीकाकांनी तिला रिक्षाने घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मोजायची टेप घेऊन ओहोळात उभे होते.

हरीकाका माझे सख्खे चुलते. गिरीजला आमची आणि त्यांची घरं एकाच वाडीत. काकांचा कशावरच भरवसा नसे. खुर्चीवर बसण्याआधी ते ती हलवून बघत. चष्म्याला दोरी, दोरीला गाठ, गाठीवर आणखी गाठ. एसटीत चढण्याआधी ते ड्रायव्हरला विचारत, "ब्रेक लागतो ना, भाऊ?" ड्रायव्हर हसला तर ती एसटी सोडून देत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाचा खांब गदागदा हलवत होते. "आणि नाही टिकलं तर?" असं त्यांनी मोठ्याने विचारलं, तेव्हा भटजी थांबले आणि मुलीकडची मंडळी माझ्याकडे बघू लागली.

वाडीभोवती मेंदीचं कुंपण होतंच. फक्त ओहोळ जिथून बाहेर पडतो तिथे मोकळं होतं. उन्हाळ्यात ओहोळ कोरडा पडला की आमच्याकडच्या बायका त्या आडवाटेने माहेरी जात. काकू बाकीचं सगळं विसरत चालली होती. ही वाट तेवढी विसरली नव्हती. मोबाइल तिला वापरता येत नसे. हरवलेलं माणूस शोधायला आपले पायच.

काकांनी सिमेंटचे खांब पुरले आणि जाळी ताणून बसवली. जाळी इतकी मजबूत, की पावसाळ्यात वरून आलेले केळीचे बुंधे, पेंढा, प्लास्टिक सगळं तिथे अडलं आणि ओहोळाचं धरण झालं. पाणी आमच्या केळीत शिरलं, तिथून शेजारच्या इनासच्या अळूत.

"हरीभाऊ," इनास बांधावरून ओरडला, "आता अळू काढायला होडी पाठवतोस काय?"

काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्वतःचंच कुंपण कोयत्याने तोडत होते. तोडताना एक हात जाळीवर, नजर घराकडे आणि मला बजावणं चालू. "दार लावलंयस ना? कडी बघ. पुन्हा बघ."

मग कितीतरी दिवस ते ओसरीवरच्या बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याकडे बघत बसले. वारा आला की पडदा उचलायचा, वारा गेला की जागेवर. त्यातून त्यांचं दुसरं कुंपण निघालं. दोन काठांवर आडवा लोखंडी पाइप आणि त्याला साखळ्यांनी टांगलेले बांबू, एकमेकांना तारेने बांधलेले. पाणी आलं की बांबूंचा पडदा वर उचलला जाई, कचरा खालून निघून जाई आणि पाणी ओसरलं की पडदा खाली. काकांनी पाइपला लोंबकळून पाहिलं, मला लोंबकळायला लावलं. इनासनेसुद्धा मान डोलावली.

पाणी आटल्यावर एके दुपारी काकूने पडदा ढकलला आणि ती चालायला लागली. पाणी ज्या दिशेने जातं त्याच दिशेला तिचं माहेर, आणि पडदाही त्याच दिशेला उघडत होता. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

इनासने तिला अर्ध्या वाटेवरून परत आणलं. "बाबा रे, तू कुंपण नाही, दरवाजा बांधलास!"

काका हसले नाहीत. त्यांनी पडद्याला खालून कडी बसवली. आता नवीनच घोर. मोठा पाऊस आला की कडी काढावी तर काकू पाण्यात जाईल, लावावी तर वाडी पाण्यात जाईल. मग काका पावसात काठावर खुर्ची टाकून, छत्री घेऊन बसत. खुर्ची अर्थात आधी हलवून बघत.

पाऊस संपला. कडी लागली. काकूला बाहेर जाता येईना आणि काका निर्धास्त होतील असं आम्हाला वाटलं. पण ती रोज संध्याकाळी जाऊन बांबू धरून उभी राहायची. काकांना ती ओळखेनाशी झाली होती.

"भाऊ, जरा वाट द्या ना. आई वाट बघत असेल."

पहिले काही दिवस काका समजावत राहिले. "अगो सुमन, हेच घर तुझं." ती रडायची. ते माझ्याकडे बघायचे, जणू मला कुठल्या पुस्तकात याचं उत्तर मिळालं असेल.

मग एका संध्याकाळी मी पाहिलं, काका खाली वाकले आणि त्यांनी कडी काढली. दोन्ही हातांनी पडदा वर धरला.

"या बाई. मी पोचवतो तुम्हाला."

कोरड्या ओहोळातून दोघं वळणापर्यंत गेली. तिथल्या दगडावर बसली. मी मागून गेलो होतो, उगाच काळजीने.

"आई दिसत नाही," काकू म्हणाली.

"बाजारात गेली असेल," काका म्हणाले. "उद्या येऊ."

"तुमच्या घरचे रागावतील, भाऊ."

"नाही रागावत. माझ्या घरची चांगली आहे."

त्यानंतर ओहोळ कोरडा असेल तेव्हा रोज हेच. कुंपण इतकं पक्कं झालं होतं, की काकांना दर वेळी पडदा उचलताना धाप लागायची.

काका मागच्या वर्षी गेले. काकू आहे. संध्याकाळी पडदा वर धरायला आता मी जातो.