चुकीच्या उत्तराची वाट

मामांचा इंटरनेटवरचा फोरम सुरू होऊन महिना झाला तरी त्यावर मामा सोडून कोणी नव्हतं, आणि एका सकाळी दुकान उघडून बघतात तर साठ सभासद. मामांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि एकेकाचं स्वागत करायला बसले. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, टाइप करणार दोन बोटांनी. साठ जणांना 'या, बसा' म्हणेपर्यंत दुपार झाली. गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत होती, पण त्यांना कोण विचारतो.

फोरम काढला होता मशीनच्या दुरुस्तीवर चर्चा करायला, निदान मामा तसं सांगायचे. खरं तर तो ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार होता. मामांना त्यांची ताई परत हवी होती. वडिलांचं दुकान दोघं मिळून चालवायचे. मामा मशीन उघडायचे आणि ताई गिऱ्हाइकाला बोलतं करायची. मशीन कोणाचं, त्यावर काय शिवता, घरी कोण कोण असतं, हे सगळं विचारून झाल्याशिवाय ती सुईला हात लावायची नाही. एकदा रांग लागलेली असताना मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, इथे मशीन दुरुस्त होतात, माणसं नाही." ताईने हात पुसले, चष्मा डबीत घातला आणि निघून गेली.

त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. ताई राहते बसने चार थांब्यांवर, फोन नंबर दोघांनाही पाठ, पण जो आधी बोलेल तो हरला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही भावंडं. म्हणून मामांनी हा मार्ग काढला. मशीनवर कुठे काही बोलणं चाललं असेल तर ताई डोकावल्याशिवाय राहणार नाही. ती एक सभासद म्हणून विचारेल, मामा एक सभासद म्हणून उत्तर देतील. बोलणंही होईल आणि अबोलाही शाबूत राहील.

साठांतल्या एका सभासदाचं नाव 'सुखी ४७१' होतं. मशीनला तेल कधी घालावं यावर मामांनी लिहिलं, तर खाली सुखीचा शेरा आला, 'फारच उपयुक्त माहिती. तुम्ही उत्तम लिहिता.' मामांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. ताईने त्यांना उभ्या जन्मात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. समोरासमोर जड जात असेल बिचारीला, म्हणून खोटं नाव घेऊन म्हणतेय, अशी त्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी सुखीने त्याच जागी पोट कमी करण्याच्या गोळ्यांची जाहिरात टाकली. आता तर शंकाच उरली नाही. ताई लहानपणापासून त्यांच्या पोटावरून बोलायची. मामांनी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

रविवारी भाची आली. ही ताईचीच मुलगी, संगणकाचं काम करणारी. फोरम तिनेच बांधून दिला होता. इकडचं तिकडे सांगायचं नाही, अशी तिला आईनेही शपथ घातली होती आणि मामांनीही. मामांनी तिच्यासमोर संगणक सरकवला आणि हळूच म्हणाले, "तुझी आई आली आहे."

भाचीने पाहिलं आणि हसत सुटली. ही माणसंच नाहीत, तिने समजावलं. हे बॉट आहेत, आपोआप नोंदणी करून जाहिराती टाकत सुटणारे. हा सुखी शंभर फोरमवर शंभर जणांना उत्तम लिहिता म्हणत असेल. मग तिचं लक्ष मामांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिचं हसू थांबलं.

"मला वाटलंच होतं," मामा म्हणाले. "ती कुठली एवढं चांगलं लिहायला." आणि उठून एका चांगल्या चालणाऱ्या मशीनचं चाक उगाच फिरवत बसले.

भाचीने साठही सभासद उडवले आणि नोंदणीआधी एक बेरीज घातली. बॉट बेरजेत हुशार निघाले, शंभर नवे आले. मग वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावली. ती बॉटांना ओळखता आली, मामांना चष्मा लावूनही येईनात. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं. शेवटी भाची म्हणाली, तुमच्या धंद्यातला एखादा प्रश्न घाला, मशीनवाल्यालाच येईल असा. बरोबर उत्तर आलं की दार आपोआप उघडेल, तुम्हाला तसदी नाही. चुकीचं आलं तर ते तुम्हाला मेलने कळेल.

मामांनी प्रश्न घातला, 'शिवताना कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो. आधी काय बघाल?' गुंता खाली दिसला तरी चूक वरच्या दोऱ्याची असते, हे मुरलेल्या माणसालाच माहीत. बॉट जागच्या जागी थांबले. सुक्याबरोबर ओलंही जळालं आणि माणसंही येईनात, ती गोष्ट वेगळी. मामांकडे नुसती चुकीची उत्तरं यायची. 'सात.' 'निळा.' 'स्वस्तात घर रंगवून मिळेल.' आणि एक दिवस आलं, 'मशीन कोणाचं आहे ते आधी विचार.'

मामांनी ते दोनदा वाचलं. हे उत्तर देणारं माणूस जगात एकच होतं. त्यांना भरून आलं, आणि त्याच वेळी रागही आला, कारण उत्तर साफ चूक होतं. त्यांनी डोळे पुसले आणि प्रश्न बदलला, 'मशीन कोणाचंही असो, आधी काय बघाल?' बरोबर उत्तराच्या रकान्यात कीबोर्डवरून तळहात फिरवला आणि जे उमटलं ते ठेवलं. आता ते कोणालाच यायला नको होतं. ताई चुकली तरच तिचं उत्तर त्यांच्याकडे येणार होतं.

संध्याकाळी आलं, 'कोणाचंही असं मशीन नसतं.'

मग रोज सुरू झालं. मामा प्रश्न विचारत होते सगळ्या जगाला, ताई उत्तर देत होती यंत्राला, त्यामुळे अबोल्याला धक्का नव्हता. 'गुडघा कसा आहे?' 'जिना चढताना दुखतो. दुकानाला जिना नव्हता.' मामा दिवसभर त्या एका ओळीवर काढायचे. गिऱ्हाईक काय सांगतंय इकडे लक्ष नाही, उलट मधेच त्याला विचारायचे, तुमच्या घरी कोणाचा गुडघा दुखतो का.

एकदा एका शिंप्याचा फोन आला. बिचारा मेटाकुटीला आला होता. "तुमच्या फोरमवर नाव घालायला गेलो तर 'अजून रागावली आहेस का' असं विचारतंय. 'नाही' लिहिलं, घेत नाही. 'हो' लिहिलं, तरी घेत नाही. मी पुरुषमाणूस, मी काय लिहू?"

दुरुस्ती चालू आहे, थोडे दिवस थांबा, एवढं बोलून मामांनी फोन ठेवला. त्या प्रश्नाचं ताईचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं, 'विचारायला सहा वर्षं लावलीस.'

हे भाचीच्या कानावर गेलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. एक बटण दाबून आईला आत घेते म्हणाली. मामा ऐकायलाच तयार नाहीत. ढकलून आणलेली ताई त्यांना नको होती.

पण त्या ओळीने त्यांना चैन पडू दिलं नाही. दोन दिवस त्यांनी नुसता विचार केला आणि मग प्रश्नाच्या जागी लिहिलं, 'येऊ का?' बरोबर उत्तराच्या रकान्याशी आले तेव्हा तळहात पुढे केला आणि मागे घेतला. ताई कदाचित 'हो' म्हणेल, आणि यंत्र तिला चूक म्हणून सांगेल. ते त्यांच्या मनाला पटेना. ताईच्या 'हो'ला चूक ठरवायला हात धजेना, म्हणून त्यांनी रकान्यात 'हो' लिहिलं आणि मेलची वाट बघत बसले.

मेल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'निळा' आलं, 'सात' आलं, ताईचं काही नाही. आपण जरा जास्तच पुढे गेलो, असं मामांना वाटलं. मग वाटलं, गुडघ्याने पडली तर नसेल. फोन उचलला, ठेवला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं मशीन अर्धं उघडं टाकून ते उठले, दुकान तसंच सोडून बसमध्ये चढले. हरू दे, त्यांच्या मनात आलं, एकदा हरलो म्हणजे सुटलो.

ताईने दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते.

"परवाच 'हो' लिहिलं मी," ताई म्हणाली. "लगेच आत घेतलं त्याने. तेव्हापासून दाराकडे डोळे लावून बसले आहे."

बरोबर उत्तर मेलने आपल्यापर्यंत येतच नाही, दार आपोआप उघडतं, आणि फोरम तर आपण तीन दिवस उघडलाच नाही, हे मामांना तिथे उंबऱ्यावर आठवलं.

"मला कळलंच नाही गं," ते म्हणाले.

"तुला कधी कळलंय," ताई म्हणाली आणि दार उघडं ठेवून लंगडत आत गेली.