पोंक्षेकाकांची मेतकुटाची डबी

पोंक्षेकाकांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने नंबर घातलेला आहे. छत्रीवर एम-३. एम म्हणजे मिसलेनियस. पूजेच्या घंटेवरसुद्धा नंबर आहे, फक्त देवांना तेवढी त्यांनी सूट दिली आहे. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांची बत्तीस वर्षं खुर्च्या-कपाटांवर नंबर घालून घेण्यात गेली. रिटायर झाल्यावर घर बिननंबरी ठेवतील ते पोंक्षेकाका कसले!

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लग्न केलं नाही. त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे ‘लेखी दे’. मी एकदा वाटीभर साखर मागायला गेले, तर साखर लगेच दिली, पण चिठ्ठी लिहून घेतली. चिठ्ठीच्या खाली मराठीत सही केली नाही म्हणून ओरडलेही.

बाहेर जेवायला जाताना काका खिशात एक छोटी स्टीलची डबी ठेवतात, नंबर के-१७. डबीत मेतकूट. वाईला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, केलेलं. काकांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं आक्कांनीच. आता आक्का चौऱ्याऐंशीच्या आहेत, बोटं संधिवाताने वाकली आहेत. दिवाळीला पार्सल पाठवताना त्यांनी कळवलं होतं, की पुढच्या वर्षी हे हातून होईल असं वाटत नाही. त्या पार्सलमधलं उरलंसुरलं सगळं आता या डबीतच होतं.

ही डबी हरवली, आणि हरवली माझ्यामुळे. माझ्या प्रमोशनची पार्टी म्हणून मीच काकांना गुरुग्रामच्या एका झकपक रेस्टॉरंटात नेलं होतं. त्यांनी साध्या भातावर चिमूटभर मेतकूट घातलं, डबी प्लेटशेजारी ठेवली, आणि मी कॅबची घाई केली. घरी येऊन खिसा चाचपला तेव्हा काकांचा चेहरा असा उतरला, की मला पार्टीचं खाल्लेलं अंगी लागेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोन लावला. टेबल बुक करायचं असेल तर एक दाबा, घरी मागवायचं असेल तर दोन दाबा. वस्तू विसरलेल्या माणसाने काय दाबायचं, याची सोयच नव्हती. काकांनी एक दाबलं, तर फोनवरच्या मुलीने त्यांचं चार जणांचं टेबल बुक करून टाकलं. मग काकांनी लेखी दिलं. दीड पानी ईमेल, विषय, संदर्भ सगळं. उत्तर आलं, की जेवणात आपल्याला काय कमी वाटलं ते कळवा, आणि सोबत फुकट गुलाबजामचं कूपन. काकांनी दुसरं पत्र धाडलं. त्यावर डबी तुमचीच असल्याचा पुरावा मागवण्यात आला. बत्तीस वर्षं लोकांकडून कागद मागणारा माणूस पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. मला हसू येत होतं, पण काका दोन दिवस धड जेवले नव्हते.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही मेट्रोने थेट तिथे जाऊन धडकलो. मॅनेजर फारच गोड बोलत होता. हे ब्रांचकडे नसतं, हेड ऑफिस बघतं, असं त्याने तीनदा सांगितलं. डबीत काय होतं, म्हणून विचारलं. काका म्हणाले, “पीले रंग का पाउडर.” त्यासरशी दारावरचा गार्ड दोन पावलं पुढे आला. मी घाईघाईने डाळी, गहू, तांदूळ, हिंग अशी यादी म्हणून दाखवली.

तेवढ्यात काका थबकले. काचेपलीकडे स्वयंपाकघर दिसत होतं, आणि तिथल्या फळीवर मसाल्यांचे स्टीलचे डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर लाल रंगात नंबर. के-१ पासून के-१६ पर्यंत. आणि शेवटी, त्या सगळ्यांचं शेंडेफळ असावं तशी, काकांची के-१७. के म्हणजे किचन, हे दोन्हीकडे सारखंच. कुणीतरी वरून पुसून तिला तिच्या जागी लावून टाकलं होतं.

मॅनेजर म्हणाला, “सर, यह तो हमारा है. नंबर पड़ा हुआ है.”

आयुष्यात पहिल्यांदा पोंक्षेकाका नंबरापुढे हरले. मी भांडायला पदर खोचणार इतक्यात आतून आचारीच बाहेर आला. पिकल्या मिशांचा, गढवालचा. डबी त्याच्या हातात होती.

“ये हमारा नहीं है,” तो मॅनेजरला म्हणाला. “चार दिन से सूँघ रहा हूँ, समझ नहीं आया किसमें पड़ता है. इसलिए किसी चीज़ में डाला नहीं.”

मला एवढं हायसं वाटलं, की मी तिथल्याच खुर्चीत बसले. काकांनी डबी दोन्ही हातांनी घेतली. मग आचाऱ्याला मऊ भात, वर तूप, वर मेतकूट, थोडं मीठ, असं सगळं सविस्तर सांगितलं. लेखी काही मागितलं नाही. गुलाबजामचं कूपन मात्र मॅनेजरला परत केलं.

परतीच्या मेट्रोत काकांना आक्कांचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू होता.

“नाना, मेतकूट संपलं असेल ना रे? उद्या डाळी भाजायला घेते. बसून-बसून करीन.”

काकांनी डबी उघडली होती. मी पहिल्यांदाच आत पाहिलं. तळाशी जेमतेम चमचाभर मेतकूट होतं.

“छे, अर्धी डबी आहे अजून,” काका म्हणाले. “तू काही करायला घेऊ नकोस. हातांना तेल लाव आणि बस.”

पलीकडून आक्कांनी विचारलं,

“एवढं कसं उरलं? आता आवडत नाही का तुला?”

काकांनी झाकण लावलं. ते घट्ट बसलंय की नाही हे अंगठ्याने उगाचच दोनदा दाबून पाहिलं.

“आवडतं गं,” ते म्हणाले. “पुरवून खातोय.”