मेश्रामभाऊजींचा न पडलेला बॉम्ब

रोज सकाळी सव्वाआठला माझा फोन वाजतो. मी उचलते. पलीकडून मेश्रामभाऊजी म्हणतात, "वहिनी, आजही नाही पडला." मी म्हणते, "बरं झालं." संपलं. हवापाणी नाही, गुडघ्यांची चौकशी नाही.

सुट्टीत राहायला आलेल्या नातीनं एकदा विचारलं, "आजी, हू कॉल्स यू एव्हरी मॉर्निंग?" म्हटलं, "बॉम्ब न पडल्याचा फोन असतो." तिनं खांदे उडवले आणि पुढ्यातलं सीरिअल संपवलं. शिकागोच्या नेपरव्हिल उपनगरात वाढलेल्या पोरांना आपल्या म्हाताऱ्यांचं कसलंच नवल वाटत नाही.

हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तिथल्या घड्याळात सव्वाआठ वाजले होते. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा पडला. त्यानंतर युद्धात तो कोणी वापरलेला नाही. न वापरल्याच्या प्रत्येक दिवसाची भाऊजी वहीत पेन्सिलीनं एक रेघ मारतात, आणि रेघ मारून झाली की फोन करतात. हा फोन मूळचा माझा नव्हे. तो त्यांच्या मुलाला, मिलिंदला जायचा. मिलिंदनं सात वर्षांपूर्वी तो उचलणं बंद केलं. तेव्हापासून मी बदली खेळाडू.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले मित्र. दोघं एकाच विमानानं इकडे शिकायला आले. आता यजमान नाहीत, भाऊजींची सुलभाही नाही. दोन रस्ते सोडून आम्ही दोघं आपापल्या चार-चार बेडरूमची राखण करत बसलोय. हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ कोणी उपसायचा यावरून भांडतो, आणि उपसतात शेवटी भाऊजीच, वर ऐकवतात, "वहिनी, तुमचं फावडं म्हणजे डोसा उलटायचा कालथा आहे."

त्यांचं दुसरं वेड बेसबॉल. दुसरं म्हणते, पण त्यांच्या लेखी दोन्ही एकच. इकडे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांना बोलायला कोणी नव्हतं, तर हे गृहस्थ लायब्ररीत बसून बेसबॉलच्या फलंदाजांचे जुने विक्रम पाठ करत. कुणाच्या किती हिट, म्हणजे लागू पडलेले फटके, किती सामने सलग, सरासरी किती. मी एकदा विचारलं, या दांडुक्याच्या खेळात एवढं आहे तरी काय? म्हणाले, "वहिनी, इथं दहातून सात वेळा चुकणारा माणूस महान धरतात. आमच्या वस्तीतून शाळेत गेलेला मी एकटा. मला एकदाही नापास व्हायची चैन नव्हती. म्हटलं, हा देश बरा दिसून राहिला."

देव मानत नाहीत, मुहूर्त मानत नाहीत. माझ्या सत्यनारायणाला येतात ते शिरा खायला, आणि हात जोडायची वेळ आली की पार्किंग बघून येतो म्हणून बाहेर जातात. पण बेसबॉलमधला एक नियम हा माणूस कडक पाळतो. एखाद्या सामन्यात गोलंदाजानं समोरच्यांना एकही हिट दिलेली नसेल, तर सामना संपेपर्यंत त्याच्या संघातलं कोणी ते बोलून दाखवत नाही. बोललं की बिघडतं. म्हणून भाऊजी त्या वहीतल्या रेघांचा आकडा कधीच उच्चारत नाहीत. "ही अंधश्रद्धा नाही का हो?" मी डिवचते. "ही खेळाची शिस्त आहे," ते म्हणतात.

भारतातून पाहुणा आला की लोक त्याला शिकागोतल्या उंच इमारती दाखवतात. भाऊजींनी माझ्या नणंदेला ट्रेननं नेऊन, बर्फातून चालवत, विद्यापीठाच्या आवारातल्या एका कोपऱ्यावर उभं केलं. पूर्वी तिथं खेळाचं मैदान होतं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या जागेत, युद्ध चालू असताना, शास्त्रज्ञांनी अणू फोडायची साखळी पहिल्यांदा चालवून पाहिली. नणंद कुडकुडत म्हणाली, "पण इथं बघायचं काय? मैदानही नाही आणि पायऱ्याही नाहीत." भाऊजी म्हणाले, "ताई, ज्या खेळाची सुरुवात इथं झाली, त्याच्या शेवटी सगळीकडं असंच दिसणार आहे." नणंद घरी आली ती आलं घातलेला चहा पिऊन थेट पांघरुणात. पुन्हा अमेरिकेला यायचं नाव तिनं काढलं नाही.

आता माझा पराक्रम सांगते. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. केस रंगवलेले, इथल्या मराठी मंडळाची सांस्कृतिक चिटणीस, आणि आपण फार विनोदी आहोत अशी ठाम समजूत. दोन जणं हसली की तिसऱ्याकडं वळून तोच विनोद पुन्हा सांगणारी बाई. आज ती कुठं भेटली तर मी रस्ता बदलीन.

आमच्याकडं पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं. भाऊजी पावभाजीची प्लेट हातात धरून कुणाला तरी समजावत होते, की महायुद्धात किती चांगले फलंदाज ऐन भरात सैन्यात गेले आणि त्यांची दोन-तीन वर्षं कशी कोरी राहिली. त्या वर्षांत त्यांनी किती हिट मारल्या असत्या याचा भाऊजींनी हिशेब मांडला होता. वहीत एक रकानाच होता, "न मारलेल्या". तिथून गाडी बॉम्बवर आली. आणि मी, हातात सोलकढीचा जग घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे बॉम्बचा रेकॉर्ड सगळ्यात भारी की हो भाऊजी! दोन वेळा आला, दोन्ही हिट. सरासरी शंभर टक्के!"

काय हशा झाला! लोकांनी टाळ्या दिल्या. कॉलेजातून सुट्टीला आलेला मिलिंद सोफ्यावर लोळत हसला. म्हणाला, "गुड वन, काकू!" मी तिसऱ्याकडं वळणार, तेवढ्यात भाऊजींनी प्लेट टेबलावर ठेवली, कोट घेतला आणि सुलभाला न घेताच निघून गेले.

चार महिने बोलले नाहीत. मग एके दिवशी माझ्या दारात उभे. आत आले नाहीत. म्हणाले, "हिरोशिमातल्या शाळांमधूनही पोरं बेसबॉल खेळायची, वहिनी. आपल्या पोरांसारखीच. त्यांच्या हिट कोणत्या रकान्यात लिहू, सांगा." मी आत जाऊन रडले, आणि संध्याकाळी मंडळाच्या मीटिंगला गेले तेव्हा काजळ नीट लावून गेले. अशी होते मी.

भाऊजींनी मला माफ केलं. पण मला वाटतं, माझा विनोद त्यांना लागला नव्हता, मिलिंदचं हसणं लागलं होतं.

मिलिंद हुशार. शिकला, लग्न झालं, नोकऱ्या बदलत राजधानीजवळ हर्नडनला गेला. सात वर्षांपूर्वी त्याला अशा ठिकाणी नोकरी लागली, जिथं दारात फोन काढून ठेवावा लागतो आणि घरी येऊन काय केलं ते सांगता येत नाही. भाऊजींनी विचारलं, "बॉम्बचं काम आहे का?" तो म्हणाला, "बाबा, आय कान्ट टॉक अबाउट इट." भाऊजी म्हणाले, "बोलू नको. फक्त नाही म्हण." तो गप्प. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला भाऊजींनी फोन केला, वर्तमान सांगितलं आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्यानं फोन उचलणं सोडलं.

या माणसाला आता जगात एवढंच हवंय. मुलाच्या तोंडून एक 'नाही'. बाकी आशा त्यांनी सोडलीय. बातम्या बघत नाहीत. "हा असा विक्रम आहे वहिनी," ते म्हणतात, "की जिंकलो हे कधी कळणार नाही, आणि हरलो हे वहीत लिहायला कोणी राहणार नाही." मी म्हणते, "चहा टाकू का?"

या फेब्रुवारीत भाऊजींच्या हृदयाला झडप बसवली. मीच मिलिंदला कळवलं. तो दोन दिवसांसाठी आला. सत्तेचाळीस वर्षांचा, कानशिलं पांढरी. मी डबा घेऊन गेले तर बापलेक सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्हीवर बेसबॉल बघत होते. फेब्रुवारीत कुठला आलाय बेसबॉल? कुठल्या तरी जुन्या सामन्याचं रेकॉर्डिंग. निकाल दोघांनाही पाठ.

"हा आता बाद होणार," मिलिंद म्हणाला.

"होणारच. खांदा बघ त्याचा. चेंडू यायच्या आधीच उघडून राहिला."

"यू ऑल्वेज सेड दॅट टू मी."

"तुझाही उघडायचा."

दोन दिवसांत यापुढं गाडी गेली नाही. भाऊजींनी प्रश्न विचारला नाही आणि मिलिंदनं उत्तर दिलं नाही. मी दोघांच्या मध्ये बसून वरणभात वाढत होते.

निघायच्या दिवशी दुपारी मी त्याला ड्राइव्हवेमध्ये गाठलं. भाड्याच्या गाडीत बॅग टाकत होता. मी पायात सपाता घालूनच बर्फात आलेली. म्हटलं, "मिलिंद, आत जा आणि नाही म्हण."

"काकू, प्लीज."

"खरं असो, खोटं असो. त्यांचं हृदय शिवलेलं आहे. एक शब्द बोलायला तुझं काय जातं?"

तो गाडीला टेकला. म्हणाला, "मी दहा वर्षांचा होतो. बाबा आमच्या टीमचा स्कोअर लिहायचे. सबंध सीझनमध्ये मी एकच बॉल लांब मारला. फील्डरच्या ग्लव्हला लागून पडला. बाबांनी हिट नाही लिहिली. 'एरर' लिहिलं, म्हणजे माझं काही नाही, समोरच्याची चूक. घरी पोचेपर्यंत कारमध्ये मी रडलो, काकू. ते म्हणाले, जे झालं तेच लिहायचं." त्यानं नाक पुसलं. "आता मी त्यांना खोटं सांगू? ही'ड नो इट, ओळखतील ते. पहिल्याच सेकंदाला."

म्हणजे मला उत्तर मिळालं. निदान मला तरी तसं वाटलं. मी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आत आले.

भाऊजी खिडकीशी उभे होते. बसायला सांगितलेला माणूस, एका हातानं पडदा धरून. म्हणाले, "काय म्हणाला?"

मी म्हणाले, "नाही म्हणाला, भाऊजी. स्पष्ट म्हणाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच हसले, म्हणजे माझ्या बोलण्यावर हसले. "वहिनी, तुम्ही नाटकात काम केलं असतं तर मंडळ बुडालं असतं."

बाहेर गाडी सुरू झाली होती, पण हलत नव्हती. मिलिंद दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या गॅरेजच्या दाराकडं बघत बसला होता. पाच मिनिटं झाली. मी म्हणाले, "जा ना बाहेर. तुमच्यासाठीच थांबलाय."

"नको," भाऊजी म्हणाले. "मी गेलो तर त्याला बोलावं लागेल."

आम्ही पडद्याआड उभे राहिलो. शेवटी गाडी मागे सरकली, वळली, आणि कोपऱ्यावर इंडिकेटर लावून दिसेनाशी झाली. भाऊजी तरी तिकडंच बघत होते.

"जरा अंग धरलंय ना त्यानं?" ते म्हणाले. "बरा दिसतो."