उत्तमरावांचे कोरे टायर

उत्तमराव मापारी कोणाकडे गेले की आधी घरात जात नाहीत. दाराशी मोटारसायकल उभी असेल तर तिच्याजवळ उकिडवे बसतात, खिशातून भिंग काढतात आणि टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मग टायरला अंगठ्याचं नख रुतवून पाहतात आणि घरधन्याला हाक मारतात, "तुमचा टायर म्हातारा झाला ना बापा!" चहा त्यानंतर.

मापारी हे त्यांचं आडनाव नव्हे. रिसोडच्या बाजारात त्यांनी उभा जन्म सोयाबीन आणि तूर मोजली. आता मोजायला धान्य उरलं नाही म्हणून ते टायरांचं वय मोजतात, असं आमच्या गल्लीचं मत. गल्लीत मीही आलोच. मी त्यांच्या शेजारी राहतो, रिठदच्या शाळेवर मास्तर आहे आणि रोज मोटारसायकलने जातो-येतो. त्यामुळे त्यांची सकाळ माझ्या गाडीपासून सुरू होते आणि माझी तिथेच नासते.

त्यांचं एक पालुपद आहे. "कोरा हाय, पन ताजा नाई." न वापरलेला टायर म्हणजे नवा टायर, हे त्यांना मान्यच नाही. "रबर हाय ते. ठेवल्या जागी मरते. आंगावर केसं हायेत म्हनून जवान समजता काय?" केसं म्हणजे नव्या टायरवर उभ्या असतात त्या रबराच्या बारीक काड्या. गाडी चालली की चाकाच्या मधल्या काड्या लवकरच झडतात. त्या शाबूत दिसल्या की लोक खूश होतात. उत्तमराव त्यांच्याकडे पाहतही नाहीत, ते भेगा शोधतात.

एकदा त्यांच्या पुतणीला पाहायला मंडळी आली. आत पोहे चालू, हे बाहेर मुलाच्या गाडीपाशी. आत येऊन भर बैठकीत म्हणाले, "पोट्टा चांगला हाय. पन मांगचा टायर नऊ वर्साचा हाय. पोरीले मी त्याच्यावर बसवनार नाई."

मुलाचा बाप उसळला. "टायर कोरा हाय! काल तर बसवला!"

"बसवला काल. पन बनला कवा?"

मुलाने बिचाऱ्याने गावातून दुसरा टायर बसवून आणला, तेव्हा कुठे कुंकू लागलं. त्याला अजून सासुरवाडीत टायरवाले जावई म्हणतात. पुतणी सुखात आहे, पण काकाला घरी बोलावत नाही. चांगलं सांगणाऱ्याला आपल्याकडे एवढंच मिळतं.

यंदा शाळा उघडल्या त्या आठवड्यात माझी पाळी आली. आसेगावच्या माझ्या साडूच्या गोठ्यात एक टायर आढ्याला टांगलेला होता, एकदाही न वापरलेला. त्याने तो मला दिला. फुकटची वस्तू मास्तर सोडतो होय? दुसऱ्या दिवशी तो टायर बसवून शाळेला निघालो, तर उत्तमराव गाडीपुढे उभे.

"मास्तर, अकरा वर्साचा हाय हा. जरा दाबला तर भेगा उघडून राह्यल्या, पाहा. ओल्या डांबरावर पकडनार नाई."

"सरका, मले उशीर होऊन राह्यला."

"जीपनं जा."

आमच्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्यात दाराशी चार लोक जमून हसत होते. माझं डोकं फिरलं.

"सोताच्या पोट्ट्यालेबी असंच जीपनं धाडलं होतं ना?" मी म्हणालो. "पाह्यलं ना काय झालं ते!"

हसणारे पांगले. उत्तमराव बाजूला सरले आणि घरात गेले. मी त्याच टायरवर शाळेत गेलो. टायर फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं, इतकी मला माझी लाज वाटत होती.

मी जे बोललो ते गल्लीला ठाऊक होतं. आपल्याकडे चांगली वस्तू वापरत नाहीत, ठेवतात. नवं लुगडं पेटीत, बऱ्या कपबशा फळीवर. उत्तमरावांनी मुलगा गजानन शाळेत असतानाच टायरांची एक उत्तम जोडी घेतली आणि पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली. गजू मोठा झाला की त्याच्या गाडीला लावू. पुढे गजूला पोलीस भरतीसाठी वाशीमला धावायला जायचं होतं. वयाच्या अटीने ती शेवटची संधी. आदल्या संध्याकाळी बापाने ती जोडी कौतुकाने चढवली. सकाळी हवा भरली, तर दोन्ही टायरांच्या अंगावर भेगाच भेगा. जुने टायर तर आधीच फेकलेले. बापाने किल्ली खिशात घातली आणि गजूला जीपने पाठवलं. जीप भरेस्तोवर उभी राहिली. गजू पोचला तेव्हा मैदानाचं फाटक बंद झालं होतं. तो पुण्याला निघून गेला, तिकडेच कंपनीत लागला. जाताना बापाला म्हणाला, "तुमाले पोरगा नाई, टायर पाह्यजेत."

शाळेतून परतल्यावर त्याच संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. उत्तमरावांनी मला बसवलं आणि पडवीत कायम झाकलेली असते त्या गाडीवरची ताडपत्री उचलली. गजूची मोटारसायकल. लख्ख पुसलेली, अधूनमधून जागेवरच चालू करून ठेवलेली. दोन्ही टायरांवर सगळी केसं शाबूत.

"तिसरी जोडी हाय हे," ते म्हणाले. "पाच वर्सं झाले का बदलतो. गजू आला, किल्ली मांगतली, तं पुन्हा नाई म्हनाची पाळी नको."

"अन् काढलेले?"

"आरीनं कापतो. नाई तं कोनी कोरे म्हनून लावाचे."

माझा टायर त्यांनी त्याच दिवशी कापला. मी धरून बसलो होतो.

महालक्ष्मीच्या जेवणाला गजू आला. बारा वर्षांत पहिल्यांदा, तोही एका दुपारपुरता, कारने. उत्तमरावांनी मोटारसायकल अंगणात काढून ठेवली होती, किल्ली गाडीलाच. कारला जागा हवी म्हणून गजूने ती ढकलून भिंतीला लावली. पंगतीत मी शेजारीच होतो. गजू म्हणाला, "बाबा, हे भंगार कायले ठेवलं? इकून टाका ना."

"टायर तं पाह्य एकडाव," उत्तमराव म्हणाले.

गजूने पाहिले नाहीत. मला त्याचा भयंकर राग आला. पण ताटावर बोलणार कोणत्या तोंडाने? तसंच लागणारं बोलणं मीही भर रस्त्यात बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव किल्ली घेऊन माझ्या दाराशी आले. माझ्या गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मास्तर, याच्यावर शाळेत जा. निस्ता उभा टायर लवकर मरते."

मी गेलो. रिठदला जाऊन संध्याकाळी परतलो तेव्हा ते फाटकाशीच उभे होते. कधीपासून, ते त्यांच्या घरच्या काकूंनाच ठाऊक. मी गाडी थांबवली तसे ते चाकाजवळ उकिडवे बसले. भिंग काढलं नाही. टायरच्या मधोमध हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. मला वाटलं एखादी भेग सापडली.

"झडले ना मास्तर केसं," ते म्हणाले आणि टायरवरचा हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही. "बारा वर्सात पयल्यांदा झडले."