मरळीचा वाटा आणि कारभाऱ्यांचा खोकला

श्री. जो देव सगळ्यांचे बघतो आणि कोणाचे नाव घेत नाही त्यास दंडवत. शके सतराशे बासष्ट, चैत्र मास, ऊन मी म्हणत होते. ते समयी एका राज्यात (नाव सांगत नाही, मार कोण खाणार) तळे आटले की मासे धरून घरटी एक वाटा करावा ऐसा कायदा होता. वाटे पानांवर मांडावे, मग एकाने तिकडे पाठ करून बसावे, दुसऱ्याने एकेका वाट्यावर काठी टेकवून 'हा कोणाचा?' पुसावे आणि पाठमोऱ्याने मनास येईल ते नाव घ्यावे. बघितलेच नाही तर लबाडी कोठून, ऐसा पूर्वजांचा विचार, आणि विचार चांगलाच होता, पण पूर्वजांस सर्जेराव कारभारी ठाऊक नव्हते. काठी कारभारी साहेबांची आणि पाठ त्यांचे मेहुणे हैबतराव यांची, आणि दरसाल मोठ्या वाट्यावर काठी टेकली की कारभारी साहेबांस खोकला यावा आणि हैबतरावांनी तत्काळ दाजींचे नाव घ्यावे. सगळ्या राज्यास दिसत होते. पण खोकण्यास मनाई ऐसे कायद्यात कोठेच नाही, मग बोलायचे काय, कपाळ? आणि गोजराबाई म्हणून एक विधवा होती, तिचे नाव हैबतराव मुद्दाम शेवटी घेत, म्हणजे उरलासुरला चिखल तिच्या पदरी.

त्या साली गोजराबाईंची लेक बाळंतपणास माहेरी आली होती आणि मरळीचे कालवण पाहिजे म्हणून टुमणे लावून बसली होती, आणि मरळ तळ्यात एकच निघाली, मांडीएवढी जाड, ती कारभारी साहेबांनी स्वहस्ते एका पानावर निजविली. मग वाटप सुरू जाहले, आणि काठी दोन मरतुकड्या खेकड्यांवर टेकली, तोच गोजराबाई हुबेहूब कारभारी साहेबांसारख्या खोकल्या. हैबतराव पाठमोरेच बोलले, "हा आमच्या दाजींचा."

मग कारभारी साहेब लाल जाहले आणि वाटप रद्द, पुन्हा करा, म्हणों लागले. तेव्हा राज्याचे न्यायाधीश नरसोजीबावा, जे स्वतःच्या वाट्यासाठी झाडाखाली ताटकळत होते, ते उठून आले.

"चूक काय जाहली ते सांगा कारभारी, लगेच रद्द करतो."

"ही मध्येच खोकली."

"बरं. मग खोकल्याने काय होतं?"

गोजराबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "तुमचाच ठसका मला लागला असंल, दादा. दरसाल शेजारीच उभी असते."

मग राज्य पोट धरून हसले आणि वाटप पुढे चालले. कारभारी साहेब काही युक्ती सुचेल म्हणून मरळीचे पान मागे ठेवीत गेले आणि हैबतराव सवयीने गोजराबाईंचे नाव मागे ठेवीत गेले, आणि शेवटी पान एक उरले आणि नावही एक उरले. काठी हलेना, तेव्हा नरसोजीबावांनीच बोट टेकवून पुसले, "हा कोणाचा?" हैबतराव हळूच बोलले, "गोजराबाईंचा."

एवढे जाहले, तेवढे लिहिले. कायद्याचे अक्षर बदलले नाही, फक्त पुढील साली वाटपास सगळे राज्य खोकत होते. कालवण तिखट जाहले होते, ऐसे लेक सांगते, आणि काटे मांजरीने नेले.